फणसाच्या तुळईची पाटी

गावचं जुनं घर उतरवलं तेव्हा फणसाची एक तुळई मुद्दाम राखून ठेवली होती. आज तिच्या तुकड्यावर नव्या घराचं नाव कोरलं: 'आजोळ'.

वरून काळपट लाकूड, पण रंधा फिरवला आणि आतला सोनेरी पिवळा रंग वर आला! आधी जुने खिळे तेवढे शोधून उपटावे लागतात, नाहीतर पात्याची वाट लागते. शिरोरेषा लाकडाच्या रेषांबरोबर जाते, तिथे पटाशी जोरात मारली की कपचा उडतो. खरी कसोटी 'ळ'ची. त्याची वळणं रेषांना आडवी, म्हणून दोन्हीकडून थोडं थोडं कोरत आलो. बाबा शेजारी बसून ढलप्या गोळा करत होते, बंबात घालायला.

जवसाच्या तेलाचा पहिला हात दिलाय. इतक्या वर्षांत पुरतं सुकलेलं हे लाकूड नव्या फळीसारखं सहजी वाकत नाही. रविवारी दारावर लावतोय, बघायला या सगळे!