क्रूझचं वेब चेक-इन स्वतःच करा, एजंटला आधार पाठवू नका

मुंबई-गोवा क्रूझहून काल परतलो. बोट झकास, जेवण झकास, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आमची माती झाली ती बॅलार्ड पिअरला, म्हणजे मुंबईत क्रूझ सुटते त्या धक्क्यावर, पोचायच्या चार दिवस आधी, डोंबिवलीत, घरच्या सोफ्यावर.

बुकिंग ओळखीतल्या एजंटकडून. म्हणाला, "वेब चेक-इन आम्हीच करतो साहेब, माणशी अडीचशे. चौघांची आधार कार्डं दोन्ही बाजूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर टाका." टाकली. दुसऱ्या दिवशी एजंटच्या सहलीच्या ग्रुपवर एक पीडीएफ आली. आमच्यासकट ३१ जणांची आधार कार्डं, खाली जन्मतारखा आणि मोबाइल नंबर. वर मेसेज, "आपापलं स्पेलिंग तपासा." एका आजींनी त्यावर अंगठा दाखवला! मी फोन केला तर म्हणे, डिलीट करतो. डाउनलोड झालेली फाइल हा कशी डिलीट करणार?

संध्याकाळी बायकोला फोन आला. "पोर्ट चार्जेस बाकी आहेत, लिंकवर एक रुपया भरा, नाहीतर बोर्डिंग पास निघणार नाही." तिचं आधारवरचं पूर्ण नाव, जन्मतारीख, निघायची तारीख, सगळं बिनचूक. तिने कार्ड नंबर टाकायला घेतलाच होता. मुलगी ओरडली म्हणून वाचलो.

आता खरी चीड आणणारी गोष्ट. वेब चेक-इन फुकट असतं. बुकिंग नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर गेलो. पत्ता तिकिटावरून बघून टाइप केला, कारण गूगलवर वर दिसणारी जाहिरात कोणाचीही असू शकते. फोटो, ओळखपत्र, चौघांचं मिळून वीस मिनिटांत आटपलं. हजार रुपये पाण्यात.

फॉर्म घेत असेल तर मास्क्ड आधार चढवा. आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे बोर्डिंग पास काढायला गेलो, तर एक काका हाच पासवर्ड रांगेत खणखणीत आवाजात सांगत होते. झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये निम्म्या डोंबिवलीची कार्डं पडलेली. घरी प्रिंटर नसेल तर ऑफिसात काढा. दुकानात काढलीच, तर फाइल स्वतःच्या हाताने उडवा आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब लॉगआउट करा.

आमच्यासारखं होऊन बसलं असेल तर आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळ्यांची ओळख) लॉक करून टाका, नंतर हवं तेव्हा उघडता येतं. पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन, उद्यावर ढकलू नका.

गेटवर मूळ ओळखपत्र हातात ठेवा. सीएसएमटीवरून बॅलार्ड इस्टेट जवळच, पण बॅगा असतील तर टॅक्सीच. केबिन नंबरचा बॅग टॅग आणि बोर्डिंग पास स्टेटसला लावू नका. आमच्या ग्रुपमधल्या सात जणांनी लावला.

हजार रुपये परत मागितलेत. आज सकाळी एजंटचं उत्तर आलं, "पुढच्या महिन्यात लक्षद्वीप आहे साहेब, त्यात वळते करू. कार्डं पाठवायची गरज नाही, माझ्याकडे आहेतच."