पर्जन्यमापकाचा सर्व्हर, तिसरा पावसाळा: पोचपावती कोण देतंय?

देवरुखचं आमचं घर आणि आसपासच्या वाड्या मिळून आता चार पर्जन्यमापक चालू आहेत. चारही टिपिंग बकेटचे. फनेलमधून पाणी आतल्या छोट्या वाटीत पडतं, ०.२ मिलिमीटर पाऊस साठला की वाटी कलंडते, रीड स्विच (चुंबकाने लागणारा छोटा स्विच) लागतो आणि ईएसपी३२, म्हणजे वायफाय असलेली छोटी चिप, तो टोला मोजते. दर दहा मिनिटांनी आकडा घरातल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाकडे येतो (पुढे त्याला नुसतं 'पाय' म्हणतो). तिथे पायथॉनची एक लहानशी सर्व्हिस, म्हणजे सतत चालणारा प्रोग्रॅम, आणि खाली एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेस. मापकांबद्दल मागच्या नोंदीत लिहिलंय, ही नोंद फक्त सर्व्हरची.

पहिले दोन पावसाळे माझा सगळा जोर पाय बंद पडू नये यावर होता. इन्व्हर्टर घेतला, पॉवर बँक लावली. पण वादळात आमच्याकडे लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, आणि इन्व्हर्टरची बॅटरीही शेवटी संपतेच. म्हणून यंदा उलटं धरून चाललो: पाय बंद पडणारच, पण तो कुठल्याही क्षणी बंद पडला तरी बेरीज चुकता कामा नये. मे महिनाभर रोज संध्याकाळी डेटा येत असताना मुद्दाम प्लग उपटत होतो. खाली जे सापडलं त्यातलं निम्मं त्या प्लगनेच दाखवलं.

सुरुवात मात्र मामांच्या मापकापासून झाली. मामा गेली कित्येक वर्षं अंगणात काचेचा पर्जन्यमापक ठेवून वहीत पाऊस लिहितात. मागच्या जूनमध्ये एका सकाळी त्यांचा फोन आला, "अरे, तुझं यंत्र ६१ म्हणतंय, माझ्याकडे ४३ भरलाय." वही बरोबर होती. तेव्हा प्रत्येक टोल्याचा एक मेसेज एमक्यूटीटीने (छोट्या उपकरणांची मेसेज पाठवायची पद्धत) जायचा, क्यूओएस १ या हमीच्या पातळीवर. क्यूओएस १ मध्ये मेसेज निदान एकदा पोचण्याची हमी असते, एकदाच पोचण्याची नसते. त्या रात्री मामांच्या घरचं वायफाय ये-जा करत होतं. मेसेज पोचत होते, पावती परत येत नव्हती, आणि मापक तोच टोला पुन्हा पाठवत होता.

आता मापक "एक टोला पडला" असं सांगतच नाही. "चालू झाल्यापासून एकूण ३०७ टोले" असं सांगतो, सोबत स्वतःचा बूट क्रमांक (कितव्यांदा चालू झाला तो) आणि नोंदीचा अनुक्रमांक. तीच नोंद दोनदा आली तर बेरीज बदलत नाही, मधली एखादी हरवली तरी पुढच्या नोंदीत तिचे टोले आलेलेच असतात. टेबलात मापक, बूट आणि अनुक्रमांक मिळून प्रायमरी की आहे, म्हणजे हे तिन्ही सारखे असलेली नोंद एकदाच राहते, आणि इन्सर्टला "ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग" लावलंय, म्हणजे तीच नोंद पुन्हा आली तर काही करू नको. या छंदातला माझा सगळ्यात फायद्याचा बदल हाच. नवीन कोणी सुरू करत असेल तर पहिल्या दिवसापासून असंच करा.

पावतीचा दुसरा घोळ प्लगने दाखवला. मेसेज घेऊन पुढे देणारा मधला प्रोग्रॅम, म्हणजे ब्रोकर (माझ्याकडे मॉस्किटो), मापकाला "मिळालं" म्हणतो, पण म्हणून नोंद डेटाबेसमध्ये गेली असं होत नाही. पोस्टात पत्र स्वीकारल्याची पावती मिळते, घरच्यांनी पत्र उघडल्याची नव्हे. ब्रोकरने घेतलं, माझ्या सर्व्हिसने लिहिण्याआधी लाईट गेली, की नोंद गायब, आणि मापकाने ती तोवर पुसलेली. शेवटी एमक्यूटीटी काढून साधं एचटीटीपी केलं. सर्व्हिस आधी कमिट करते, म्हणजे नोंद डेटाबेसमध्ये पक्की करते, मगच २०० चं, म्हणजे 'ठीक'चं, उत्तर देते, आणि ते मिळेपर्यंत मापक नोंद सोडत नाही. उत्तर वाटेत हरवलं तर तीच नोंद पुन्हा येते, वरच्या प्रायमरी कीला त्याचं काही वाटत नाही. एसक्यूलाइटमध्ये सिंक्रोनस फुल ठेवलंय, म्हणजे प्रत्येक कमिट डिस्कवर उतरल्याची खात्री केल्याशिवाय तो पुढे जात नाही. मी वापरतो त्या वॉल मोडमध्ये (नवीन लिखाण आधी वेगळ्या फाइलमध्ये जातं ती पद्धत) नॉर्मल ठेवलं तर फाइल बिघडत नाही, पण वीज गेल्यावर शेवटची कमिट उडू शकतात, म्हणजे दिलेली पावती खोटी पडते. चार मापकांचे दिवसाला ५७६ इन्सर्ट. एवढ्यासाठी वेग वाचवून काय करायचंय?

घड्याळाचं थोडक्यात. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. लाईट आल्यावर पाय उठतो, राउटरला नेट यायला वेळ लागतो, आणि तोवर पाय बंद पडण्याआधी शेवटची जपून ठेवलेली वेळच धरून बसतो. कालचा पाऊस जास्त, आजचा कमी. डीएस३२३१ हे बॅटरीवरच्या घड्याळाचं मॉड्यूल लावल्यावर प्रश्न मिटला. साठवताना वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या सकाळी ८:३० असतो, म्हणजे यूटीसीत बरोबर ३ वाजता दिवस बदलतो. मामांच्या वहीशीही त्यामुळे ताळा जुळतो.

बॅकअपवर जास्त लिहितो, कारण तिथे मी वर्षभर निर्धास्त होतो. रात्री २ वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) डेटाबेसची फाइल कॉपी व्हायची. मेमध्ये पहिल्यांदाच ती कॉपी लॅपटॉपवर उघडली, तर जवळजवळ दिवसभराच्या नोंदी नाहीत. वॉल मोडमध्ये नवीन लिखाण आधी शेजारच्या वॉल फाइलमध्ये जातं आणि साधारण १००० पानं भरली की मूळ फाइलमध्ये उतरतं. माझ्याकडे एका इन्सर्टला दोनेक पानं, म्हणजे १००० भरायला २० तास सहज. मी नेमकी मूळ फाइलच उचलत होतो. आता एसक्यूलाइटचीच बॅकअप कमांड वापरतो, कॉपीवर इंटिग्रिटी चेक (फाइल धड आहे का याची तपासणी) चालवतो, आणि दर रविवारी ती लॅपटॉपवर उघडून शेवटच्या नोंदीची वेळ डोळ्यांनी बघतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड ठेवणाऱ्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा त्यांचा रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे आधीपासूनच फसत होता आणि तसं सांगणाऱ्या ईमेल पोचतच नव्हत्या. हाताशी सहा तासांपूर्वीची एक प्रत होती म्हणून निभावलं. त्यांनी हे सगळं जाहीरपणे लिहिलं, त्याबद्दल मला फार आदर आहे. माझी रविवारची सवय तिथूनच आली.

सूचना पाठवणारी स्क्रिप्टही आता पायवर नाही. पाय बाहेरच्या एका सेवेला दर पाच मिनिटांनी हाक देतो, अर्धा तास हाक गेली नाही की ती सेवा मला मेसेज करते.

पण पाय जिवंत, मापक जिवंत, नोंदी वेळेवर, आणि आकडा मात्र शून्य, हे त्यातून कळत नाही. म्हणून नवीन नियम घातला: तीन मापकांवर दोन तासांत १० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि चौथ्यावर शून्य, तर मला कळव. गेल्या आठवड्यात तो पहिल्यांदा वाजला, तोही मामांच्या मापकासाठी. फोन केला तर मामा स्वतःच शिडी लावून चढले. फनेलच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. त्यांनी ते काडीने खरवडून काढलं, वाटी बोटाने दोनदा कलंडवली आणि वरूनच विचारलं, "आले का दोन?"

आले. ते ०.४ मिलिमीटर त्या दिवसाच्या बेरजेतून वजा केलेत. मूळ नोंदी तशाच ठेवल्या आहेत, दुरुस्तीची वेगळी ओळ कारणासह शेजारी लिहिली आहे. त्या दिवसाचा पाऊस मात्र मामांच्या वहीतूनच घेतला: ३८.