रीफ टँकचे पाइपकाम: एका पाइपवरून तीन पाइपवर

माझ्या रीफ टँकचे, म्हणजे प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचे, पाइपकाम गेल्या रविवारी पूर्ण झाले. 120 × 60 × 55 सें.मी.च्या या टाकीतले पाणी चार वर्षे एकाच उभ्या निचरा पाइपमधून (ड्यूर्सो पाइप) खालच्या सम्पमध्ये, म्हणजे साठवणीच्या दुसऱ्या टाकीत, उतरत होते. त्या जागी आता तीन पाइपांची बीनअ‍ॅनिमल पद्धत बसवली आहे.

हे काम हाती घेण्यामागे जूनमधली एक रात्र आहे. वीज गेली, सम्पमधले पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप थांबला आणि पाणी रिटर्नच्याच पाइपमधून उलटे सायफन होऊन खाली येत राहिले. असे होऊ नये, हवा आत शिरून सायफन तुटावा म्हणून त्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत पाडलेले 4 मि.मी.चे भोक कोरलाइन शेवाळाच्या जांभळ्या थराने पूर्ण बुजले होते आणि ते महिनोन्‌महिने तपासले गेले नव्हते, ही चूक माझीच. रिटर्नचे तोंड पातळीखाली 8 सें.मी. होते. या टाकीत 1 सें.मी. म्हणजे 7.2 लिटर, त्यामुळे जवळजवळ 58 लिटर पाणी सम्पकडे निघाले. सम्पमध्ये 36 लिटरचीच जागा होती, उरलेले खारे पाणी फरशीवर आले.

म्हणून आता भोकावरची भिस्त सोडून रिटर्नची दोन्ही तोंडे पातळीखाली फक्त 2 सें.मी.वर आणली आहेत. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मुद्दामच बसवलेला नाही, कारण त्याच्या झडपेवर चुन्याचा थर किंवा गोगलगायीचे एखादे पिल्लू बसले की तो पूर्ण मिटत नाही.

तीन पाइपांपैकी पहिला पाण्याने पूर्ण भरून वाहतो. त्यात हवा नसल्याने तो आवाजही करत नाही आणि सम्पमध्ये बुडबुडेही सोडत नाही. दुसऱ्यातून पाण्याची बारीक धार उतरते. पहिला तुंबला तर ओव्हरफ्लो बॉक्समधली (टाकीतले पाणी काठावरून ज्यात पडते आणि जिथून हे पाइप निघतात तो कप्पा) पातळी चढते, दुसऱ्याच्या हवेच्या नळीचे तोंड बुडते आणि तो स्वतःच सायफन होऊन सगळा भार घेतो. तिसरा आणीबाणीसाठी, एरवी तो कोरडाच राहतो.

पहिल्या पाइपवर बॉल व्हॉल्व्ह न लावता गेट व्हॉल्व्हच लावावा, असे माझे ठाम मत झाले आहे. बॉल व्हॉल्व्हची दांडी केसभर हलली तरी पातळी एकदम वरखाली होते. गेट व्हॉल्व्हचे चाक पाव फेरा फिरवून दोन मिनिटे थांबले की पाणी कुठे स्थिरावते ते शांतपणे पाहता येते. तो पूर्ण प्लॅस्टिकचा मिळवायला मला तीन आठवडे लागले. पितळी व्हॉल्व्ह कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात लगेच मिळतो, परंतु पितळेतले तांबे प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी यांना घातक असल्याने तो या पाण्यात चालत नाही.

पाइप घेतानाही मापे नीट पाहावीत. पांढऱ्या यूपीव्हीसीच्या 1 इंची पाइपाचा बाहेरचा व्यास 33.4 मि.मी. असतो, तर माझे बल्कहेड, म्हणजे काचेच्या भोकात बसणारा पाइपाचा जोड, 32 मि.मी.चे निघाले. एवढा फरक सॉल्व्हंट सिमेंटने सांधता येत नाही, योग्य अ‍ॅडाप्टरच लागतो.

सांधे 24 तास वाळू देऊन गोड्या पाण्यावर चाचणी घेतली, तेव्हा सायफन सुरूच होईना. पाइपात अडकलेली हवा गुडगुडत राहिली आणि पाणी तिसऱ्या पाइपापर्यंत चढले. कारण शोधायला अर्धा दिवस गेला: पहिल्या पाइपाचे खालचे टोक सम्पच्या पाण्यात 10 सें.मी. बुडलेले होते आणि तेवढा दाब सारून हवेला बाहेर पडता येत नव्हते. टोक कापून ते जेमतेम 2.5 सें.मी. बुडेल असे केल्यावर पंप लावताच अर्ध्या मिनिटात मोठे बुडबुडे उसळले, मग लहान झाले, मग थांबले. खोलीत फक्त पंपाची बारीक घरघर उरली.

20 लिटरची बादली रिटर्नखाली 24 सेकंदांत भरते, म्हणजे ताशी 3000 लिटर. पंपाच्या डब्यावर 6000 छापले असले तरी चढ आणि एल्बो यांत एवढी घट मी धरलीच होती.

वीज बंद करून चाचणी सलग पाच वेळा घेतली आणि प्रत्येक वेळी सम्पची पातळी सुमारे 7 सें.मी. चढून थांबली, वर 2 सें.मी. जागा उरते. उलट बाजूही तपासली. तिन्ही पाइप बंद केले, तेव्हा रिटर्नच्या कप्प्यातले 22 लिटर संपून पंप हवा ओढू लागेपर्यंत वरचे पाणी 3 सें.मी. चढले, काठ अजून 1 सें.मी. दूर होता. बाष्पीभवनाने घटलेले पाणी त्या कप्प्यात आपोआप भरणारा फ्लोट या 22 लिटरच्या पातळीच्या वर कधीही बसवायचा नाही, म्हणून काचेवर मार्करने रेघ ओढून ठेवली आहे.