बाबांचा ब्राउझर

आज अख्खी दुपार बाबांच्या मोबाइलपुढे गेली. त्यांना सातबारा बघायचा होता आणि ब्राउझरमध्ये कुठलीही साइट उघडली की एकच पाटी : ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही.’

वायफाय बंद-चालू केलं, फोन रीस्टार्ट केला, कॅशे साफ केली. काही फरक नाही. मग मी घाईत ब्राउझरचा सगळा डेटाच उडवला. ही माझी चूक. कॅशे पुसली तर नुसत्या तात्पुरत्या फाइली जातात, डेटा पुसला की लॉगिन आणि उघडे टॅबही जातात. बाबांनी सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅक रोगाची माहिती किती दिवसांपासून टॅबमध्ये जपून ठेवली होती. ते एवढंच म्हणाले, "असू दे, परत शोधू." मला फार वाईट वाटलं.

आणि कारण काय निघालं? तारीख! बॅटरी पार उतरून फोन बरेच दिवस बंद पडला होता, चालू झाला तो थेट 1 जानेवारी 2019 वर. आपोआप वेळ घेण्याची सेटिंगही बंद. प्रत्येक सुरक्षित साइटकडे ती खरी असल्याचं डिजिटल प्रमाणपत्र असतं आणि त्याला मुदत असते. सप्टेंबर 2020 मध्ये ती जास्तीत जास्त 398 दिवसांवर आणली गेली. 2019 मधल्या फोनला आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही असं वाटतं, म्हणून तो अडवतो. बरोबरच करतो तो.

सेटिंग चालू केली, पान लगेच उघडलं. बाबा चष्मा लावून गट नंबर टाकत होते, तोवर मी मोझॅकची पानं परत शोधायला बसलो. तीन सापडली.