चोडण, मे महिना: पंचांग बघितल्याशिवाय होडीत बसू नका

गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट चोडण बेटावर सोडते आणि डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्याचं फाटक तिथून चालत अगदी जवळ आहे. इथवर सगळं सोपं. खरा त्रास पुढे.

धक्क्याजवळच्या होडीवाल्याला आधीच विचारलं होतं, खाडीच्या आत जाणार ना? जाणार म्हणाला, नऊशे ठरले. सकाळी साडेनऊला निघालो. तिवरांच्या तोंडाशी येताच म्हणतो, "उदक उणें आसा, भितर वचूंक मेळना." म्हणजे पाणी कमी, आत जाता येणार नाही. मग तासभर मांडवीच्या उघड्या पात्रात, डोक्यावर ऊन. परतल्यावर नऊशे माणशी झाले! भांडून अर्धे कमी केले, तरी लुबाडणूक ती लुबाडणूकच.

त्या दिवशी चतुर्थी होती. कोकणात कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चारचे तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती, सकाळी नऊच्या सुमारास ओहोटीचा तळ. होडीवाल्याला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. तेव्हा होडी करायची तर एकादशी-द्वादशी गाठा. त्या दिवशी आठ-नऊला पाणी भरलेलं असतं आणि ऊनही सोसतं. भाडं होडीचं की माणशी, हे चार लोकांसमोर बोलून घ्या. पाणी कमी असेल तर सरळ नाही म्हणा.

पायी मात्र ओहोटीच हवी, आणि इथे मला चोडणने जिंकलं. फरसबंद वाट छोटी आहे, रमतगमत तासाभरात संपते. अभयारण्यच जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं, १९८८ साली घोषित झालेलं. पण तिवरांच्या सावलीत वाकून बघाच. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळं, त्यांच्यामधून छातीच्या परांवर टेकत सरकणाऱ्या निवट्या, म्हणजे चिखलावर वावरणारे मासे. एक निवटी दुसरीसमोर पाठीवरचा पर उभारून उडी मारत होती, आम्ही हातभर अंतरावर आणि तिला फिकीर नाही. तिवराच्या पानावर बोट फिरवा, मीठ लागतं. पक्ष्यांच्या आशेने मेमध्ये येऊ नका. स्थलांतरित पाहुणे हिवाळ्यातले. आम्हाला खंड्या, बगळे, ब्राह्मणी घार एवढंच दिसलं. पण निवट्यांसाठी मी मेमध्येही पुन्हा जाईन.

त्यानंतर खाजनाच्या, म्हणजे खाडीलगतच्या सखल खाऱ्या जमिनीच्या, बांधावरून गावाकडे चालण्याचा बेत मात्र दुपारी मुळीच करू नका. फार लांब नाही असं लोक सांगतात, पण त्या बांधावर सावलीचं एक झाड नाही. दोन्ही बाजूंना पाणी चमकतं, हवा दमट, घाम वाळत नाही. मानशीपाशी, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारांजवळ, माती भुसभुशीत आहे आणि कड ढासळलेली. तिथे माझ्या सोबतिणीला गरगरायला लागलं. आम्ही तिला तसंच चालवत पुढच्या घरापर्यंत नेलं, तिथल्या बाईंनी सोलकढी दिली म्हणून निभावलं. माणशी दोन लिटर पाणी कमी पडलं, तीन घ्या. पाण्याची सोय वाटेत धरू नका. दहाच्या आत बांध ओलांडता येत नसेल तर अभयारण्यातूनच परत फिरा आणि फेरी पकडा.

चपला नकोत, पकड असलेले बूटच घाला. फरशांवर भरतीचा गाळ बसतो आणि ओहोटीनंतर तासभर तरी निसरडं राहतं.