राईच्या उशीनं न सुटणारा सांधा

आपल्या लातूरकडं लेकरू जन्मायच्या आधीच राईची उशी शिवून तयार असते. रोज टाळू भरायची, न्हाऊ घालताना डोकं हळूच दाबून गोल करायचं. आईनं व्हिडिओ कॉलवर मलाही हेच सांगितलं, कारण आमच्या मुलाचं डोकं पुढून मागं लांबट आणि कानशिलांशी चिंचोळं दिसत होतं. बाळंतपणात दबलेलं डोकं काही आठवड्यांत सावरतं. एकाच कुशीवर झोपून चपटं झालेलंही बहुधा हळूहळू सुधारतं. याचं मात्र दिवसेंदिवस लांबतच चाललं होतं.

इथं लंडनमध्ये तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मुलाला माझ्या मांडीवर घ्यायला सांगितलं. मागं उभं राहून डोकं वरून पाहिलं, टाळूपासून मागं अंगठा फिरवला आणि माझं बोट धरून तिथं ठेवलं. माथ्यावर मधोमध हाडाची सरळ कड लागत होती.

बाळाच्या कवटीची हाडं सुटी असतात. मेंदू वाढतो तशी कवटी त्या सांध्यांपाशी फैलावते. एखादा सांधा जन्माआधीच मिटला, की तिथली वाढ अडते आणि कवटी दुसऱ्याच दिशेला वाढते. हा क्रेनिओसिनोस्टोसिस. साधारण दोन-अडीच हजार बाळांत एकाला होतो. माथ्यावरचा सॅजिटल सांधा मिटण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त, त्यातही मुलग्यांत अधिक. टाळू मऊ लागते म्हणून निर्धास्त राहू नका. टाळू उघडी असतानाही सांधा मिटलेला असू शकतो, आणि तो मालिशनं सुटत नाही.

गावाकडून एकीनं विचारलं, "ग्रहणात काही चिरलं होतंस का?" त्या रात्री मी फार रडले. ग्रहणाचा, तेलाचा, आईच्या खाण्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. काही बाळांत जनुकातला बदल सापडतो, पुष्कळांत ठोस कारण सापडतच नाही. बाळंतिणीला असले प्रश्न विचारूच नयेत.

वेळ मात्र फार मोलाची. पहिल्या तीन-चार महिन्यांत निदान झालं, तर लहान छेदातून दुर्बिणीनं मिटलेली पट्टी काढता येते आणि पुढं काही महिने हेल्मेट घालतात. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात स्प्रिंगाही बसवतात. त्या कवटी हळूहळू रुंदावतात आणि नंतर काढून घेतात. उशीर झाला की कानापासून कानापर्यंत छेद देऊन हाडं नव्यानं रचायची मोठी शस्त्रक्रिया, तीत रक्तही चढवावं लागू शकतं.

म्हणून लातूर, बीड, परभणीत कुणाच्या लेकराचं डोकं वेगळं वाटलं, तर लसीकरणाच्या दिवशीच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. डोक्याचा घेर मोजून लिहून घ्या. घेर ठीक असला तरी आकाराबद्दल विचारा. दर महिन्याला त्याच जागेवरून, डोक्याच्या वरून एक फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. शंका खरी निघाली तर लहान मुलांच्या न्यूरोसर्जनकडं चिठ्ठी मागा, मग त्यासाठी संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागली तरी. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांची तपासणी चुकवू नका. डोक्यातला दाब वाढला, तर त्याची खूण डोळ्याच्या पडद्यामागच्या नसेवर दिसू शकते.