१२० मिलिमीटरच्या डिस्कसाठी लेबल बनवताना

घरातली जुनी ध्वनिमुद्रणं सीडीवर उतरवून नातेवाइकांना द्यायची ठरली, तेव्हा लेबल मीच करायचं हे ओघानेच आलं. आवाज इतक्या जिवापाड जपलेले; त्यांच्यावर वाकडंतिकडं चित्र मला चालणार नव्हतं.

चिकटवायचे स्टिकर मी पहिल्यांदाच बाजूला ठेवले. सीडीचा माहिती असलेला थर लेबलच्या बाजूलाच, लॅकरच्या पातळ लेपाखाली असतो. चिकटलेला स्टिकर पुढे कोणी सोलायला गेलं, तर तो थरच उखडून येऊ शकतो. शिवाय वेगवान ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या आसपास फिरते. स्टिकर थोडा जरी तिरका बसला तरी ती थरथरते. म्हणून पांढऱ्या प्रिंटेबल सीडी घेतल्या आणि इंकजेट प्रिंटरच्या ट्रेमधून थेट त्यांच्यावरच छपाई करायचं ठरवलं.

पट्टी आधी हातात घेतली, माउस नंतर. डिस्कचा व्यास १२० मिमी आणि मधलं भोक १५ मिमी, हे सगळीकडे सारखंच. शाई धरणारा पांढरा भाग मात्र प्रत्येक प्रकारच्या डिस्कवर वेगळा असतो. माझ्या डिस्कवर तो २२ मिमी ते ११८ मिमी व्यासापर्यंत होता. काहींवर आतली कड बरीच बाहेर, ४६ मिमीच्या आसपास असते. त्यामुळे कुठलाही तयार साचा डोळे झाकून वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. पांढऱ्या भागाबाहेरच्या प्लास्टिकवर शाई वाळत नाही, नुसती फासली जाते.

गिम्प या चित्र संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये नवीन चित्र उघडताना एकक मिलिमीटर केलं, प्रगत पर्यायांत रिझोल्यूशन, म्हणजे एका इंचातले पिक्सेल, ३०० ठेवलं आणि १२० × १२० भरलं. खाली १४१७ × १४१७ पिक्सेल दिसले की निश्चिंत व्हायचं. हिशोब सोपा आहे: मिलिमीटरला २५.४ ने भागा (म्हणजे इंच मिळतात), ३०० ने गुणा.

आता वर्तुळं. इथे नजरेचा अंदाज कामाचा नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. लंबवर्तुळाकार निवडीच्या साधनात स्थान आणि आकार दोन्ही आकड्यांत टाइप करता येतात, तेही मिलिमीटरमध्ये. बाहेरच्या वर्तुळाचा आकार ११८, म्हणजे डावीकडून आणि वरून १ मिमी. आतल्याचा २२, म्हणजे १२० वजा २२ भागिले २, दोन्हीकडून ४९ मिमी. एवढं भरलं की दोन्ही वर्तुळांचा मध्य एकच येतो. ही वर्तुळं वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्रावर ठेवलेल्या पारदर्शक थरावर, बारीक लाल रेषेत काढली आणि ५० टक्क्यांवर एक आडवं, एक उभं गाइड (मदतीची रेषा) टाकलं. चित्राच्या लेयरला मास्क लावला, म्हणजे पांढऱ्या भागाबाहेर काहीच छापलं जाणार नाही आणि मूळ चित्रही शाबूत राहील.

खरा वेळ गेला मजकुरात. पांढऱ्या भागाच्या कडेपासून ३ मिमी आत आणखी एक वर्तुळ आखलं, ११२ मिमीचं. अक्षरं त्याच्या बाहेर जाऊ द्यायची नाहीत. गोलात जसजसं वर जावं तसतशी ओळ आखूड होते. मध्यापासून ३० मिमी वर सुमारे ९४ मिमी रुंदी मिळते, ४५ मिमी वर जेमतेम ६६. त्यामुळे लांब शीर्षक भोकाच्या जवळ आणि साल अगदी वर, अशी मांडणी आपोआप ठरली. फोटो निवडतानाही भोक आधी बघायचं. माणूस बरोबर मधोमध असलेला फोटो इथे निरुपयोगी. चेहरा डावीकडे किंवा उजवीकडे असलेलाच घ्यावा. गोलाकार अक्षरं फिरवायचा मोह होतो, पण आजी-आजोबांना ती वाचायला डिस्क फिरवावी लागते. मी सगळ्या ओळी सरळच ठेवल्या.

फाइल अचूक झाली तरी प्रिंटरवर भरवसा ठेवू नये. छपाईच्या खिडकीत 'पानात बसवा' हा पर्याय बहुतेकदा आधीच निवडलेला असतो; तो काढून १०० टक्के करायचं. साध्या कागदावर वर्तुळांबरोबर भोकाच्या मापाचं १५ मिमीचं आणखी एक वर्तुळ आणि १०० मिमीची एक आडवी व एक उभी रेषा छापली आणि रेषा पट्टीने मोजल्या. दोन्ही मोजायच्या, कारण कागद सरकण्याची दिशा आणि शाई सोडणारं प्रिंट-हेड सरकण्याची दिशा यांच्या मापांत किंचित फरक पडू शकतो. मग कागदावर डिस्क ठेवून मधल्या भोकातून पाहिलं. १५ मिमीच्या वर्तुळाची रेषा भोकाच्या कडेशी सगळीकडून सारखी जुळली, म्हणजे माप बरोबर.

ट्रेवरची जागा ही निराळी गोष्ट. एका खराब डिस्कवर फक्त वर्तुळं छापली, तर छपाई अर्धा मिलिमीटर उजवीकडे सरकलेली. हे चित्रात दुरुस्त करायचं नसतं. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेची जागा ०.१ मिमीच्या टप्प्याने सरकवता येत होती, तिथे उणे ०.५ भरलं. चित्र सरकवलं असतं, तर पुढच्या प्रत्येक लेबलसाठी तेच करत बसावं लागलं असतं.

लेयरसकट मूळ फाइल जपून ठेवली आणि लाल वर्तुळं बंद करून छपाईसाठी पीएनजी प्रकारची चित्र-फाइल काढली. ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर रुंदी १२० मिमीच दिसते ना, हे तपासायचं. काही प्रोग्रॅम फाइलमधलं रिझोल्यूशन वाचतच नाहीत.

छपाईआधी प्रत्येक सीडी बर्न करून शेवटच्या ट्रॅकपर्यंत वाजवून बघितली, बिघडलेल्या डिस्कवर शाई कशाला घालवायची? छापलेल्या डिस्क एकमेकींवर न रचता दिवसभर सुट्या वाळत ठेवल्या, मगच पाकिटात घातल्या.